भाताच्या मुदीत दोन काड्या

लिहायला-वाचायला मला अण्णांनी आणि शाळेने शिकवलं, पण ताट वाढायला आईने शिकवलं, आणि ते शिक्षण जास्त कडक होतं. मीठ वर मधोमध. त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या अंगाला भाज्या आणि आमटीची वाटी. खाली, जेवणाऱ्याच्या समोर भाताची मूद, तिच्यावर वरण, आणि सगळ्यांची पानं वाढून झाली की वरणावर तूप. तूप वाढल्याशिवाय पान पुरं होत नसे आणि पान पुरं झाल्याशिवाय कोणी हात लावत नसे. सातवीत असताना मी एकदा लोणचं उजवीकडे वाढलं होतं. आईने पाहुण्यांच्या देखत ते ताट उचललं, आत नेलं, आणि दुसरं वाढून आणलं. मी मात्र मोरीत जाऊन रडले होते. आज माझ्या घरी स्वयंपाक करायला बाई येतात, त्या लोणचं जागा दिसेल तिथे वाढतात आणि माझं काही बिघडत नाही. तरी वाटी थोडी इकडे सरकवल्याशिवाय मी जेवायला सुरुवात करत नाही.

आमचं घर रत्नागिरीत, गावाच्या थोडं बाहेर, जांभ्या चिऱ्याचं. मागे बावीस कलमं, एक रातांब्याचं झाड आणि विहीर. अण्णा हायस्कुलात चित्रकला शिकवत. त्यांच्या कानावर कायम एक पेन्सिल असे, आणि तीच पेन्सिल ते घरभर शोधत. घर म्हणून जे काही होतं ते आईच्या हातात. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तिच्या भांड्यांचा होता. ती खूश आहे की रागावली आहे हे झाकणाच्या आवाजावरून आम्हाला बाहेरच्या खोलीत कळे. आणि आईला खोटं बोलता येत नसे. यात तिचा काही मोठेपणा होता असं मी म्हणणार नाही, जमतच नसे तिला. दारात नको असलेला माणूस आला आणि अण्णांनी आतून ‘नाही म्हणून सांग’ असं खुणावलं, तर ती बाहेर जाऊन सांगे, “आहेत, पण भेटायचं नाही म्हणतात.”

माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी ती ताई. तिचं नाव कुंदा, पण मला ते नाव पत्त्यावर लिहिण्यापुरतंच ठाऊक. ती पुण्याला शिकायला गेली, तिथे संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकली, आणि पुढे एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागली. आमच्या आळीत तिच्या नोकरीचा अर्थ कोणाला नीट लागला नव्हता. एक बोलतो ते दुसऱ्याला सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे काम आमच्याकडे बायका फुकट करत होत्या. त्या कारखान्यात यंत्रं बसवायला जपानहून एक इंजिनिअर आला. हिरोशी त्याचं नाव. गणपतीला ताई घरी आली ती त्याच्याशी लग्न करायचं सांगायलाच. गौरी गेल्या त्या संध्याकाळी तिने सांगितलं, आणि त्यानंतर तीन दिवस आई आमच्याशी ‘जेवायला चला’ याखेरीज काही बोलली नाही. झाकणं मात्र बोलत होती.

चौथ्या दिवशी सावर्ड्याहून मामा आले. मामांचं तिथे हमरस्त्याला कापडाचं दुकान होतं, आणि आईच्या माहेरचे तेवढेच उरले असल्याने त्यांच्या शब्दाला आमच्याकडे वजन होतं. हिरोशीला ते पहिल्या मिनिटापासून हिरोजी म्हणाले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पायरीवर बसून दोन कप चहा घेतला आणि म्हणाले, “अगो, मुलगा कसाही असूदे, तो पडला परमुलखातला. उद्या काय झालं तर आपण कोणाच्या दारात जायचं? त्याच्या बापाला येऊदे. बाप येऊन रीतसर मागणी घालूदे, आपल्या घरी चार घास जेवूदे. मग बघू.”

“बरोबर आहे दादा,” आई म्हणाली. “बाप आला पाहिजे. बाप जेवून गेला की माझी ना नाही.”

मामा हे टाळण्यासाठीच बोलले होते असं मला आज वाटतं. इतक्या लांबून कोण येतंय, असा त्यांचा हिशेब असावा. आई मात्र टाळण्यासाठी काही बोलत नसे. तिने अट घातली म्हणजे ती अट होती. ताई दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली आणि महिन्याभरात तिचं पत्र आलं की हिरोशीचे आईवडील दोघंही यायला तयार आहेत, माघात येतील.

त्याच पत्रावरून जेवायच्या काड्यांचं प्रकरण सुरू झालं. त्या लोकांना आपलं जेवण जेवता येईल का, ही आईची काळजी होती, आणि आपण त्यांच्या पद्धतीने थोडं जेवून दाखवलं तर त्यांना बरं वाटेल, ही अण्णांची कल्पना. ताईने नियम लिहून पाठवले. काड्या हातात घेऊन ‘हे खाऊ की ते खाऊ’ करत ताटावरून फिरवायच्या नाहीत. पदार्थ भोसकायचा नाही. काडी रोखून कोणाशी बोलायचं नाही. टोकं चोखायची नाहीत. एकाच्या काड्यांतला घास दुसऱ्याने आपल्या काड्यांनी घ्यायचा नाही, ते फार अशुभ. जेवताना मोठ्या माणसांनी काड्या उचलल्याशिवाय आपण उचलायच्या नाहीत. आणि सगळ्यांसाठी ठेवलेल्या भांड्यातून काही घ्यायचं झालं तर काड्या उलट्या करून दुसऱ्या टोकांनी घ्यायचं, कारण खालची टोकं तोंडाला लागलेली असतात. मी हे मोठ्याने वाचत होते. आई वाल सोलत होती. शेवटचा नियम ऐकून तिचा हात थांबला.

“म्हणजे उष्टं कळतं त्यांना,” ती म्हणाली.

त्या लोकांबद्दल तिने काढलेला हा पहिला बरा शब्द.

अण्णांनी कुंपणातली चिवारी तोडून आणली. चिवारी म्हणजे आमच्याकडचा बारीक बांबू. पेन्सिलीला टोक करायच्या सुरीने त्यांनी काड्या तासल्या, काचकागदाने घासल्या आणि तेल लावून ठेवल्या. मग रोज शाळेतून आले की चहाच्या आधी आमचा वर्ग भरे. “ब्रश धरतेस तशी वरची धर. खालची हलायची नाही, ती अंगठ्याच्या बेचक्यात झोपलेली. हलते ती वरचीच.” अण्णांना पहिल्याच दिवशी जमलं. आयुष्यभर ब्रश धरलेला हात तो. मला आठ दिवस लागले. सुरुवात उकडलेल्या आठळ्यांपासून केली. ही अण्णांची चूक, कारण फणसाची उकडलेली आठळी म्हणजे साबणाची वडी. ती काडीतून सुटायची, लाद्यांवरून टणटणत कपाटाखाली जायची, आणि आतून आईचा आवाज यायचा, “अन्न आहे ते, गोट्या नव्हेत!” मग चवळी, मग काजूगर, मग काळे वाटाणे. काळा वाटाणा उचलता येऊ लागला त्या दिवशी अण्णा मला म्हणाले की आता तू पास. भाताचं मात्र काही खरं नव्हतं. आमचा तांदूळ मोकळा, शीत नि शीत वेगळं. घास उचलावा तर तोंडापाशी पोचेपर्यंत तीन शितं उरत. ताईने लिहिलं होतं की त्यांचा भात चिकट असतो. त्यावर आई म्हणाली की चिकट भात आपण आजाऱ्याला देतो.

ती स्वतः काड्यांना शिवली नाही. पण आम्ही सरावाला बसलो की भाजी निवडायचं ताट घेऊन दाराच्या चौकटीशी येऊन बसे, आणि मी काडी भोसकली की न बघता म्हणे, “भोसकायचं नाही म्हटलंय.” नियम तिला माझ्याआधी पाठ झाले होते. त्या दोन-तीन महिन्यांत घरात काड्यांचा एक बारीक टकटक आवाज असे. बाहेर मोहोर आला होता, आजूबाजूच्या बागांतून फवारणीच्या पंपाची घरघर चालू असे, आणि आत आम्ही दोघं टकटक करत बसलेलो. मी पंधरा वर्षांची होते. ताईचं लग्न ठरेल की नाही याच्याशी माझ्या वाटाण्याचा थेट संबंध आहे अशी माझी समजूत होती. एक वाटाणा पडला की मी घाबरत असे.

ज्या दिवशी ते येणार होते त्या दिवशी आई पहाटेपासून चुलीपाशी. वालाचं बिरडं, अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर, उकडीचे मोदक, सोलकढी. पुण्याहून मोटार करून ताईच त्यांना घेऊन येणार होती. हमरस्ता सोडून हातखंब्याला वळायचं नेमकं ड्रायव्हरला कळणार नाही म्हणून ती सोबत होती. माजघरात पाट मांडले होते. समोर भिंतीच्या मधोमध मोठा पाट हिरोशीच्या वडिलांचा, त्यांच्या एका बाजूला त्यांची बायको, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि समोर आमचे. पानं मांडून सजवायचं काम माझ्याकडे होतं. ताईने दिवाळीच्या आधीच पुण्याहून काळ्या लाखेच्या काड्यांचा एक खास जोड पाठवला होता, तो हिरोशीच्या वडिलांसाठी. बाकीच्यांना अण्णांच्या चिवारीच्या. मी वडिलांच्या ताटाभोवती रांगोळी काढली, केळ्याच्या तुकड्यात उदबत्ती खोचून पाटासमोर ठेवली, आईने शिकवल्याप्रमाणे ताट वाढलं, भाताची मूद पाडली, वर वरण घातलं. आणि काड्या हातात घेऊन थांबले.

त्यांना जागाच नव्हती. ताटाच्या प्रत्येक कोपऱ्याला मालक होता. डावीकडे ठेवाव्या तर चटणीत जात, उजवीकडे बिरड्यात. काठावर ठेवल्या तर घरंगळत. खाली लादीवर ठेवाव्या, तर तोंडात घालायची वस्तू जमिनीवर ठेवलेली आईने खपवून घेतली नसती. ताईने जेवायचं कसं ते सगळं लिहिलं होतं, पण जेवणाच्या आधी काड्या कुठे असतात ते लिहिलं नव्हतं. तिकडे टेबलावर काड्या टेकवायला एक छोटा ठोकळा असतो हे मला फार पुढे कळलं. मी केळ्यातल्या उदबत्तीकडे बघितलं आणि तशाच त्या दोन काड्या भाताच्या मुदीत मधोमध उभ्या खोचल्या. मागे सरून बघितलं. पांढरी मूद, पिवळं वरण, त्यात उभ्या काळ्या चकचकीत काड्या, शेजारी वर जाणारा उदबत्तीचा धूर. अण्णांना दाखवावं असं चित्र होतं ते. दुसऱ्या ताटाकडे वळणार तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली.

गाडीतून तिघं उतरली. ताई, हिरोशी आणि त्याची आई. राखाडी कपड्यांतली, लहान चणीची बाई, केस मागे घट्ट बांधलेले. मी चौथ्या माणसाची वाट बघत राहिले. अण्णांनीही गाडीत वाकून पाहिलं. ताई घाईघाईने आईजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “त्यांच्या वडलांची तब्येत बरी नाही, त्यांना येता नाही आलं. नंतर सांगत्ये सगळं.” आईचा चेहरा तिथेच बंद झाला. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दे, इतकंच ती मला म्हणाली. माझ्या मनात आलं, झालं, संपलं. अट म्हणजे अट.

मग सगळे माजघराच्या दाराशी आले, आणि हिरोशीची आई उंबऱ्यावर थांबली. ती त्या मोठ्या पाटाकडे बघत होती. हिरोशीने तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि त्याच्या तोंडून श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. “कोणी खोचल्या त्या?” ताई माझ्या दंडाला धरून म्हणाली. “काढ! आधी काढ!” काय चुकलं ते मला कळलं नाही, पण चुकलं एवढं कळलं. मी धावले आणि काड्यांना हात घालणार, इतक्यात त्या बाईंनी माझं मनगट धरलं. जोराने नव्हे. त्यांनी मान हलवली, माझा हात बाजूला ठेवला, आणि त्या ताटासमोर गुडघे टेकून बसल्या. हातातली पिशवी उघडून एक लहान फोटो काढला. कोट घातलेला, चष्म्यातला, जरा हसरा माणूस. फोटो त्यांनी उदबत्तीच्या मागे, भिंतीला टेकून उभा केला. मग हात जोडून कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

उठून बसल्यावर त्या ताईकडे वळून सावकाश काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणतायत?” अण्णांनी विचारलं.

ताईचा पेशाच तो होता. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचा पगार घेत होती ती. त्या दिवशी मात्र तिला तोंड उघडायला वेळ लागला. “त्या म्हणतायत,” ती म्हणाली, “गेलेल्या माणसाच्या भातात आम्ही अशा काड्या उभ्या करतो. समोर उदबत्ती लावतो. इतक्या लांबच्या घरात हे कोणाला माहीत असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही त्यांच्यासाठी पान मांडलंत.” आणि मग खाली बघून, “दिवाळीच्या सुमाराला गेले ते. तीन महिने झाले.”

आई तुपाचं भांडं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ताईकडे पाहिलं. “मला सांगितलं नाहीस.”

“नाही. बाप नाही म्हटलं असतं तर तू यांना येऊच दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं,” आई म्हणाली.

त्या वेळी आईच्या मनात काय चाललं असेल त्याचा अंदाज मी आता करते, तेव्हा मला फक्त भीती वाटत होती. पोरीने फसवलं होतं, हे एक. जो यायला हवा होता तो कधीच येणार नव्हता, हे दुसरं. आणि तिसरं, जे आमच्याकडच्या कोणत्याही बाईला लगेच कळलं असतं. गेलेल्या माणसाचं पान आमच्यात श्राद्धाला मांडतात, आणि तेही वेगळं. शुभकार्याच्या पंगतीत, जेवणाऱ्यांच्या रांगेत ते कोणी मांडत नाही. आत देवापुढे हिरोशीच्या आईसाठी ओटीचं सामान काढून ठेवलेलं होतं, नारळ, साडी, हळदकुंकवाची करंडी. आणि समोर विधवा बाई बसली होती.

ताई अगदी हळू म्हणाली, “आई, त्यांना वाटतंय तुम्ही मुद्दाम केलंत. खरं काय ते सांगू का त्यांना? शुभाकडून चुकून झालं म्हणून?”

आईने पुन्हा त्या पाटाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. “काय चुकून?” ती म्हणाली. “पान कोणासाठी मांडलं होतं?”

“त्यांच्यासाठीच,” मी म्हटलं.

“मग झालं तर.” ती पुढे आली, त्या पानासमोर वाकली, आणि काड्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने वरणावर तुपाची धार धरली. नेहमी धरते त्यापेक्षा जास्त वेळ. “कुंदे, सगळ्यांना बसायला सांग. अन्न निवतंय. आणि शुभा, बाकीच्या ताटांत खोचू नकोस.”

अण्णांनी त्या पानाभोवती पाणी फिरवलं. ते नास्तिक नव्हते, पण असलं काही करताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं. मग आम्ही जेवायला बसलो आणि एक गंमत झाली, जी मला त्या दिवशी गंमत वाटली नाही. अण्णांनी आणि मी चिवारीच्या काड्या उचलल्या, आणि समोर हिरोशी आणि त्याची आई यांनी बाह्या वर सारून हाताने कालवायला घेतलं. तेही तिकडे शिकत होते म्हणे. ताईने त्यांनाही नियम लिहून दिले होते, डावा हात लावायचा नाही, बोटांची पहिलीच पेरं भरू द्यायची, बोटं चाटायची नाहीत. त्या बाईंचा घास आई निरखून बघत होती. तळहाताला शीतही लागलेलं नव्हतं. माझ्या काड्यांतून भात सांडत होता, हिरोशीच्या बोटांतून सांडत होता, आणि अण्णा एकटे शांतपणे एकेक वाल उचलत होते. त्या बाईंनी ते पाहिलं, घास थांबवला, आणि ताईला काहीतरी म्हणाल्या.

“त्या म्हणतायत, यांचे बाबाही असेच धरायचे. टोकाकडून नाही, जरा वरून.”

अण्णा ओशाळले. त्या दुपारी पंगतीत तेवढंच काय ते बोलणं झालं. बाकी आमच्या घरी जेवताना बोलत नसतच, आणि त्यांच्याकडेही फारसं बोलत नसावेत. मोदकाच्या वेळी अण्णांनी काड्या बाजूला ठेवल्या, मीही ठेवल्या. उकडीचा मोदक काडीने धरता येत नाही, फुटतो.

निघताना आईने त्यांना साडी आणि नारळ दिला. करंडी तिने बाहेर आणली नाही. तेवढं तिला जमलं नाही, आणि मी ते जमलं असं लिहिणार नाही. दोघी बायका फाटकाशी एकमेकींपुढे उभ्या होत्या, एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता, आणि ताई मध्ये नव्हती, ती गाडीत सामान लावत होती. आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्या वाकल्या. आईही वाकली, अर्धवट, कसं वाकतात ते माहीत नसल्यासारखी. गाडी गेल्यावर अण्णांनी ते पान उचलून मागे रातांब्याच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. काड्या धुऊन आणल्या आणि माझ्या हातात दिल्या.

ताई आता तिकडेच असते. तिच्या सासूबाई शेवटपर्यंत तिच्याजवळ होत्या, आणि आमच्या आईची चौकशी करताना ‘ते तूप’ कसं आहे असं विचारत, असं ताई सांगते. रत्नागिरीत आता हॉटेलात कागदात गुंडाळलेल्या लाकडी काड्या मिळतात. माझा नातू नूडल्स मागवतो, बोलता बोलता काड्या वाडग्यात उभ्या खोचून मोबाइल बघत बसतो. मी त्या काढून आडव्या ठेवते. का ते त्याने एकदा विचारलं होतं. जपानात चालत नाही, म्हटलं. ‘आपण कुठे जपानात आहोत’ असं तो म्हणाला, आणि त्याचं काही चूक नव्हतं. ताईचं मीच काहीतरी बिघडवलं, हा विचार त्या दुपारी घटकाभर माझ्या डोक्यात होता, आणि त्याची भीती अजूनही गेलेली नाही. माझा हात त्यामुळे आपोआप जातो.

पाहुणे गेले त्याच्या दहाव्या-बाराव्या दिवशी मामा आले. आई माजघरात तांदूळ निवडत होती, मी तिच्या समोर बसून खडे काढत होते. बाहेरच्या खोलीत अण्णा फळा रंगवत होते. मामांनी टोपी काढली, पाटावर टेकले, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच विचारलं, “मग? हिरोजीचा बाप आला काय गो?”

बाहेर अण्णांचा ब्रश थांबल्याचं मला ऐकू आलं. आईने मान वर केली नाही. सुपातला एक खडा काढून तिने बाजूला टाकला.

“आले होते,” ती म्हणाली. “पहिलं पान त्यांचंच होतं.”

“आणि? काय म्हणाले?”

“म्हणायचं काय त्यात,” आई म्हणाली. “मी तूप वाढलं.”